काउंटरवरचं डबडं

बटणांचा आणि कुठलंही सिम चालणारा स्मार्टफोन शोधत कोर्टातल्या निवृत्त टायपिस्ट कुमुदिनीबाई चौथ्या दुकानात शिरल्या, तेव्हा त्यांचं डोकं तापलेलंच होतं.

मालक ओस्तवाल हसले. "मावशी, बटणांचा जमाना गेला. काचेवर बोट फिरवायला शिका." असं सुनावत, नजर बाईंवरच ठेवून, त्यांनी काउंटरवरच्या जुनाट कॅल्क्युलेटरवर टचफोनची सवलत खटाखट काढली.

बाईंनी विचारलं, "तुमच्या खिशातल्या महागड्या फोनातही कॅल्क्युलेटर असेल. मग हे डबडं कशाला?"

"त्यात प्रत्येक आकडा बघून दाबावा लागतो हो," ओस्तवाल बोलून गेले.

"मी तीस वर्षं साक्षीदारांच्या तोंडाकडे बघत जबान्या टाइप केल्यात," बाई म्हणाल्या. "तुमचं डबडं तुम्हाला, माझं मला. मागवा."