हात मंद

“…आणि परीक्षा मी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली, सर. नवा कोरा लॅपटॉप. मग अन्याय झाला कुठे?”

हर्षल नेहेते उभ्याउभ्याच बोलत होता. खुर्ची होती, पण बसलं की विषय लांबतो हे त्याला ठाऊक होतं. पाचच्या आत यादी पाठवायची होती आणि तीन तर वाजून गेले होते.

समोर तडवी सर. तापीकाठच्या या गावात, वाचनालयाच्या याच माडीवर, त्यांची उभी हयात लोकांना संगणक शिकवण्यात गेली. हर्षल त्यांच्याच हाताखालचा. सरांचा पट्टशिष्य, असं गाव म्हणायचं. हर्षल स्वतःही म्हणायचा, जरा जास्तच वेळा.

आता तो नाशिकला, घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत संगणक विभागाचा प्रमुख होता. कंपनीला नकाशे काढायला एक शिकाऊ उमेदवार हवा होता आणि निवडायचं काम हर्षलकडे. सरांनी दामिनी बाविस्करचं नाव सुचवलं. हर्षलने परीक्षा घेतली, तिच्या नावापुढे शेरा मारला, ‘हात मंद’, आणि मोकळा झाला.

दामिनी कुठली मोकळी होणार! निवड झाली नाही तर सोमवारी मामा तिला सुरतला नेणार होता, साड्यांच्या घड्या घालायला. दोन वर्षं रोज दुपारी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, ती या माडीवर येऊन नकाशे काढायला शिकली होती. आत्ताही ती बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. आतलं बोलणं तिला ऐकू जात होतं. हर्षलला ते माहीत होतं, आणि त्याने आवाज खाली आणला नव्हता.

“शेरा बदल,” सर म्हणाले.

“का पण?”

“ती इथे शिकली.”

“इथे तर मीही शिकलो!”

सरांनी भिंतीकडच्या चार नंबरच्या संगणकाकडे बोट केलं.

“तो सुरू कर. एक रेघ काढ.”

…

हर्षलने सुरू केला. लगेचच त्याच्या कपाळाला आठी पडली.

पडद्यावरची खिडकी सरकवली तर ती अडखळत, आपलीच सावली मागे सोडत आली. नकाशाचा प्रोग्रॅम उघडून त्याने माउस ओढला. हात थांबला. रेघ काही आली नाही. मग एकदाची आली, तीही तुकड्यातुकड्याने.

“अरे देवा,” तो हसला. “ह्याचे तर बारा वाजलेत!”

“दोन वर्षं झाली.”

“सर, म्हातारं यंत्र आहे. म्हाताऱ्याला किती पळवणार?”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. सरांना त्याच महिन्यात सत्तरावं लागलं होतं.

तसा या यंत्रांवर हर्षलचा जीव होता, नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी वाचनालय ती भंगारात काढायला निघालं होतं. जुन्या यंत्रांना नवीन विंडोज झेपत नव्हतं. हर्षल दिवाळीच्या सुट्टीत आला, दोन दिवसांत नऊच्या नऊ संगणकांवर विंडोजऐवजी हलकं लिनक्स चढवलं आणि यंत्रं जिवंत केली. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. तो फोटो अजून त्या भिंतीवर आहे. त्याच्याखाली त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी: ‘सेटिंगला कोणीही हात लावू नये. ह. नेहेते.’ पासवर्डही तो स्वतःबरोबर नाशिकला घेऊन गेला होता. उगाच कोणी घोळ घालू नये म्हणून.

“दहा मिनिटं द्या,” तो म्हणाला आणि बाह्या सरसावून खाली बसला.

त्याने पडद्यावरची सजावट बंद केली. रेघ तशीच.

त्याने सगळंच रूप हलकं केलं, जुन्या यंत्रांसाठी असतं तसं. रेघ तशीच.

बॅगेतून मेमरीची पट्टी काढली, संगणक बंद करून, झाकण उघडून ती बसवली, परत सुरू केला. पडद्याआड चालणाऱ्या कामांपैकी निम्मी बंद करून टाकली. पंख्याखाली बसूनही त्याला घाम फुटला. रेघ आपली येतेय, सावकाश, माहेरपणाला आल्यासारखी.

वीस मिनिटं गेली.

“हर्षल,” सर म्हणाले. “चित्र कोण काढतंय?”

“म्हणजे?”

“पडद्यावरचं चित्र. काढतंय कोण?”

“ग्राफिक्स कार्ड. दुसरं कोण काढणार?”

“विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात, सर! कार्ड आहे आत. मीच बघितलंय.”

“आहे ते मलाही माहीत आहे. काढतंय का, ते विचार.”

…

हर्षलला राग आला. शाळकरी पोराला विचारतात तसला प्रश्न. तरी त्याने कमांड दिली. चित्र काढणाऱ्याचं नाव यंत्राने एका ओळीत सांगितलं.

ते कार्डाचं नाव नव्हतं.

कार्ड आत बसून होतं, ठणठणीत होतं, पण त्याला कोणी कामच सांगितलेलं नव्हतं. पडद्यावरचा एकेक ठिपका बिचारा प्रोसेसर एकटा काढत होता, बाकीची सगळी कामं सांभाळून.

“कार्ड बिघडलंय?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

हर्षलने यंत्र सुरू होताना वाचतं ती ओळ उघडली. ओळीच्या शेवटी एक शब्द होता. नोमोडसेट.

त्याचा हात माउसवरच राहिला.

लिनक्स चढवताना कधीकधी पडदा काळाठिक्कर पडतो. मग हा शब्द लिहायचा. त्याचा अर्थ एवढाच, की कार्डाच्या वाटेला जाऊ नकोस, कसंतरी भागव. पडदा दिसायला लागतो आणि काम पुढे सरकतं. सगळं झालं की तो शब्द आठवणीने काढायचा असतो. हे त्याला याच खोलीत शिकवलं होतं, तडवी सरांनी.

त्या दिवाळीत पहिल्याच यंत्राचा पडदा काळा पडला होता. घाईत त्याने शब्द लिहिला. यंत्र चाललं. मग त्याच यंत्राची नक्कल त्याने बाकीच्या आठांवर उतरवली… शब्दासकट. संध्याकाळी सत्कार होता.

“कोणी लिहिला?” सर म्हणाले.

हर्षलची नजर भिंतीवरच्या चिठ्ठीकडे गेली.

“मी तुला दोनदा फोन केला होता.”

“आठवतंय, सर.”

“काय म्हणालास?”

बाहेरच्या बाकाची करकर ऐकू आली. हर्षलने पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

“म्हणालो… यंत्र जुनं आहे. पोरांना म्हणावं, सवय करून घ्या.”

“सांगितलं मी पोरांना,” सर म्हणाले.

त्याला लाज वाटली. खरंच वाटली. कानाच्या पाळ्या तापल्या. पण तो इंजिनिअर माणूस. बिघाड सापडला की त्याला आधी हायसंच वाटायचं. त्याने तो शब्द पुसला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

पडदा नीट उजळला. खिडकी हाताबरोबर सरकली. रेघ ओढली, तर ओढता ओढताच उमटली.

“झालं!” तो ओरडलाच. “बघा सर, पळतंय की नाही! एक शब्द हो… फक्त एक शब्द! दामिनी, ये, आत ये!”

त्याच्या मनात सगळं जुळलंही. परीक्षा परत घ्यायची, शेरा बदलायचा, पाचच्या आत यादी धाडायची. चूक झाली होती, निस्तरली. सर पाठीवर हात ठेवतील. मामा एकटाच सुरतला जाईल.

दामिनी आत आली. ओढणीला हात पुसले आणि चार नंबरसमोर बसली. तिच्या नेहमीच्या जागी.

हर्षलने नकाशाचा कागद समोर ठेवला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी. “दहा मिनिटं. बघून उतरव. यंत्र आता एकदम फास्ट आहे, घाबरू नकोस.”

तिने पहिली भिंत ओढली. रेघ तिच्या हाताबरोबर आली. सरळ, नेमकी, कुठे कणभर इकडेतिकडे नाही.

मग तिने माउसवरून हात उचलला.

आणि थांबली.

पुन्हा हात ठेवला. दुसरी भिंत. हात उचलला. थांबली.

“उमटलीय की ती,” हर्षल म्हणाला. “थांबू नकोस. पुढची घे.”

“हो, सर.”

तिसरी भिंत. हात वर. तिचे ओठ हलले. हर्षल वाकून बघायला लागला. ती पुटपुटत होती… एक, दोन, तीन. मग हात खाली.

परीक्षेच्या दिवशी त्याने हे बघितलंच नव्हतं. त्या दिवशी तो घड्याळ बघत होता.

“दामिनी, अगं, कशाला थांबतेस? रेघ समोर दिसतेय ना तुला?”

“दिसतेय, सर.”

“मग?”

“हात ऐकत नाही.” तिने हाताकडे बघितलं. “मला कळतं, सर. तुमच्या लॅपटॉपवरही कळत होतं. पण आधी इथे घाई केली की दोन-दोन रेघा पडायच्या, सगळं पुसून परत काढायला लागायचं. म्हणून थांबायची सवय लावली. सरांनी सांगितलं होतं तसं. आता रांगोळी काढतानाही थांबते. तिथे कुठलं यंत्र आलंय!”

ती हसायला गेली. तिला हसता आलं नाही.

दहा मिनिटं संपली तेव्हा अर्धं घर झालं होतं. सुरेख झालं होतं. अर्धंच झालं होतं.

“जाऊ का, सर?” तिने विचारलं. हर्षलला नाही, तडवी सरांना. सरांनी मान हलवली. ती जाऊन पुन्हा बाहेरच्या बाकावर बसली.

…

पावणेपाच झाले. हर्षलच्या लॅपटॉपवर यादी उघडी होती. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

“किती दिवसांत सुटेल हो ही सवय, सर? महिना? दोन महिने?”

सरांनी खिशातून चष्मा काढला.

“शब्द पुसला ना मी! आणखी काय करू? बाकीच्या आठांवरचाही पुसतो, आज बसून पुसतो. चुकलंच माझं, मी कुठे नाही म्हणतोय?”

सर चष्म्याची काच पुसत होते.

“पण शेरा कसा बदलू? नाशिकला गेल्या गेल्या तिला घड्याळ लावून बसवतील. मी लिहिलं की हात चांगला आहे, आणि तिथे ती अशी एक-दोन-तीन म्हणत बसली, तर? आठवड्यात परत पाठवतील तिला. मलाही विचारतील, हे काय लिहिलं होतंस म्हणून.” त्याचा आवाज चढला होता. “मंद आहे ना, सर? आत्ता बघितलं ना आपण? तुम्हीच सांगा, हा शेरा खोटा आहे का?”

तडवी सरांनी चष्मा लावला. लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. यादीतल्या दामिनीच्या ओळीवर, ‘हात मंद’ या अक्षरांवर त्यांनी बोट टेकवलं.

बराच वेळ ते बोट तिथेच होतं.

मग ते हळूच डावीकडे, दामिनीच्या नावावर सरकलं.

“शेरा बरोबर आहे, हर्षल. नाव चुकलंय.”