विझणारा दिवा

घाटमाथ्यावरच्या एका गावात आबाजीपंत नावाचे जकातदार राहत. गावाच्या वेशीवरच त्यांचा नाका होता. बंदरावरून घाट चढून येणारा सगळा माल त्यांच्यापुढे उतरे. पंत हाताचे स्वच्छ. कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचे नाहीत. पण एकदा त्यांच्या तोंडून निवाडा बाहेर पडला, की ती काळ्या दगडावरची रेघ.

राजाने मालाचे तीन वर्ग पाडून दिले होते. अन्नाला जकात माफ, अवजाराला थोडी, चैनीच्या वस्तूला जबर. कुठली वस्तू कशात घालायची ते पंत ठरवत.

एके दिवशी दाऊदशेट नावाचा व्यापारी पेटीभर दिवे घेऊन आला. पितळेची बैठक, वर जाड काच, खाली बारीक भोकांची जाळी. पंतांनी एक दिवा उचलून उन्हात धरला. म्हणाले, "झकास आहे. दिवाणखान्यात शोभेल. चैनीत घाला."

"पंत, हा दिवा नव्हे," दाऊदशेट म्हणाला. "तुमच्या गावात जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवं आहेत. बंद पेवात हवा कुजते, खाली उतरलेला माणूस गुदमरतो. म्हणून तुम्ही आधी पणती सोडून बघता. पण पणती वाऱ्यानंही विझते, हिसक्यानंही विझते. मग माणूस स्वतःची समजूत घालतो आणि उतरतो. हा वाऱ्यानं विझत नाही. हा विझला की समजायचं, खाली मरण आहे. याला अवजारात घाला. चैनीची जकात बसली तर एकाही हळदवाल्याला परवडायचा नाही."

"अवजार म्हणजे काम करणारी वस्तू," पंत म्हणाले. "कुदळ खणते, कोयता कापतो. हा काय करतो?"

"विझतो."

"विझणं हे काय काम झालं, शेटजी? मग आमचा कारकूनही रोज दुपारी बसल्या जागी विझतो, तोही कामच करतो म्हणायचं!"

सगळा नाका खदखदून हसला. कारकूनसुद्धा हसला.

हसला नाही तो एकटा नरहरी. हा पंतांचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर पंतांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. घरची हळद आणि पेवं तोच सांभाळी. तो हळूच म्हणाला, "दादा, आपल्या पेवात सोडून बघू या की. हाकेच्या अंतरावर तर आहे."

पंतांच्या मनातही पाल चुकचुकली. बघायला काय हरकत होती? पण आताच चारचौघांत एवढा हशा पिकवला होता. उठून बघायचं, आणि शेट खरा ठरला तर आपलेच शब्द गिळायचे? पंतांना ते जमेना. ते म्हणाले, "माल नाक्यावर दिसतो तसाच मी पाहतो. पेवात डोकावत फिरणं माझं काम नव्हे."

दाऊदशेटजवळ तेवढी जकात भरायला पैसे नव्हते. नाक्याच्या कोठीत पेटी गेली आणि तिच्यावर पंतांची मोहोर बसली. "पुढच्या फेरीला येईन," शेट म्हणाला. "तोवर एकदा बघा, पंत." पंतांनी बघितलं नाही. तो विनोद मात्र ते पुढे कित्येक पंगतींत सांगत राहिले.

उन्हाळ्यात हळदीला भाव चढला. नरहरीने पेवाचं तोंड उघडलं. एरवी ते दिवसभर तसंच मोकळं ठेवत, पण गाडीवान खोळंबले होते. त्याने पणती सोडली. ती निम्म्यावरच विझली.

"मालक, उद्या उतरा," म्हातारा गाडीवान म्हणाला.

"वाऱ्यानं विझली, बाबा," नरहरी म्हणाला आणि कमरेला दोर बांधून उतरला.

पंत धावत पोचले तेव्हा त्याला दोराने वर ओढलं होतं. हातापायांना, कपाळाला हळद लागली होती. त्याच्या लग्नात पंतांनीच त्याला हळद लावली होती.

स्मशानातून परतल्यावर पंत घरी गेलेच नाहीत. कोठीत जाऊन त्यांनी आपली मोहोर आपल्या हाताने फोडली, एक दिवा पेटवला आणि त्या पेवात सोडला. ज्योत लहान झाली, निळी पडली, विझली. त्यांनी वर ओढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. पेवाच्या काठावर बसून ते लहान मुलासारखे रडले. "विझला रे, नरहरी, विझला," एवढंच म्हणत राहिले.

पुढच्या फेरीला दाऊदशेट आला. त्याने काही म्हणायच्या आधीच पंतांनी दिवे अवजारात घातले.

"बघितलात, पंत?"

"बघितला," पंत म्हणाले. "माझा भाऊ गेल्यावर बघितला."



त्यानंतर गावात कुणाचंही पेव उघडलं, की पंत नाका सोडून तिथे जात आणि स्वतः दिवा सोडत. एकदा एका नवख्या गाडीवानाने हसून विचारलं, "काय पंत, भर उन्हात दिवा?"

"हा दिवा नव्हे," पंत म्हणाले आणि दोर खाली सोडत राहिले.

तात्पर्य: मनात शंका आली की आपला मान बाजूला ठेवून उठावं आणि बघून यावं. दिलेला शब्द मागे घेता येतो. गेलेलं माणूस मागे आणता येत नाही.