उतरलेली तार

एकदा एका पेठेच्या गावी एक भजनी बुवा राहत. व्यंकट त्यांचा लाडका शिष्य. त्याच्या गळ्यात माळ घालताना बुवांनी दोनच आज्ञा दिल्या होत्या : असत्य बोलायचे नाही, दुसऱ्याचे हिरावायचे नाही. बुवांच्या मठात होता तोवर व्यंकटने त्या सहज पाळल्या. तिथे खोटे बोलणार तरी कोणाशी? पुढे संसार मागे लागला आणि तो गावातल्या शेटजींकडे कारभारी झाला.

गावाबाहेर एक तळे होते. व्यंकटच्या आजोबांच्या पिढीने ते स्वतः राबून खणलेले. साऱ्या गावची गुरे तिथे पाणी पीत. शेटजींना ते आपल्या बागेसाठी हवे होते. त्यांनी व्यंकटला बजावले, की उद्या पंचांसमोर एवढेच सांग, तळे आमच्या वडिलांनी खणवले. माळकऱ्याचा शब्द पंच मोडणार नाहीत. नाही म्हटले तर नोकरी जाणार, हे उघडच होते. घरी म्हातारी आई, लहान लेकरे. व्यंकट ‘बरं’ म्हणून गेला खरा, पण दुपारी त्याला जेवण जाईना.

संध्याकाळी शेटजींच्या नव्या माडीवर बुवांचे भजन ठरले होते. मठात तंबोरा लावता लावता व्यंकटने बुवांना सारे सांगून टाकले आणि विचारले, की संसारी माणसाने वेळ पाहून थोडे नमते घेतले, तर काय बिघडले? तंबोरा उचल, उशीर होतोय, एवढेच बुवा म्हणाले.

माडीवर समया पेटलेल्या, माणसे दाटीवाटीने बसलेली. भजन रंगात आले आणि तंबोऱ्याची एक तार उतरली. व्यंकटला ते कळले. पण समोर शेटजी, पाहुणे, गावचे पंच, थांबायचे कसे? तो तसाच छेडत राहिला. तोच बुवा अर्ध्या ओळीवर थांबले. त्यांनी मागे वळून तंबोरा घेतला आणि सावकाश खुंटी पिळू लागले. सभेत चुळबुळ सुरू झाली. व्यंकटला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेटजी हसून म्हणाले, “चाललं असतं की, बुवा. आम्हाला कुठे कळतंय!”

“चाललं असतं,” बुवा म्हणाले. “मी गळा जरा खाली घेतला असता, तर कुणालाच कळलं नसतं. मठात लावला तेव्हा तंबोरा सुरात होता. इथे समयांची ऊब आहे, गर्दी आहे. तार उतरायचीच, त्यात तिचा दोष नाही. पण तिच्याबरोबर मीही उतरत गेलो, तर भजन संपेतो मूळचा सूर कोणता, हेच मला आठवणार नाही.”

मग तंबोरा परत देताना ते व्यंकटला हळूच म्हणाले, “चारचौघांत थांबायची लाज वाटते रे. पण जिथे उतरला, तिथेच लावावा लागतो.”

दुसऱ्या दिवशी देवळात पंचांनी विचारले, तेव्हा व्यंकट उभा राहून म्हणाला, “काल मी शेटजींना बरं म्हणालो, ती माझी चूक. तळं गावाचं आहे. माझ्या आजोबांनी त्याची माती उपसली आहे.”

शेटजींनी तिथल्या तिथे कारभाराच्या किल्ल्या मागून घेतल्या. व्यंकट तळ्यावरून घरी आला. उद्याचे काय, हे त्याला ठाऊक नव्हते. आईने भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. कालपासून उपाशी असलेल्या व्यंकटला ते अन्न गोड लागले.