धारोळीचा बिननावाचा दगड

धारोळीच्या चर्चमागे दफनभूमी आहे. तिच्या भिंतीबाहेर, भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे, वीतभर दगड उभा आहे. त्यावर क्रूस नाही की नाव नाही. पाहुणे आले की गावातले म्हातारे इनासबाबा आधी तिथेच नेतात.

फिरंग्यांच्या राज्यात म्हणे लुझिया नावाची बाई इथे होती. आफ्रिकेतून जहाजात घालून आणलेली, पाद्रीच्या घरची गुलाम. देवीची साथ आली तसा पाद्री तिला मागे ठेवून किल्ल्यात गेला. मरणाच्या दारातल्या पोराला कुणीही ख्रिस्ती माणूस पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतो, मात्र आईबापांनी घालू नये, एवढं तिला शिकवून गेला.

लुझिया घरोघर फिरली. पोरांना पाणी घातलं, मोठ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेतल्या. धारोळीत धर्म टिकला तो तिच्यामुळे, असं सांगतात.

"काय गं काळ्या पाद्रीणबाय, चर्चात मिस्सा कधी म्हणणार?" बाया चिडवायच्या.

"आधी तोंड धुऊन या," ती हसून म्हणायची.

मग तिच्याच तान्ह्याच्या अंगावर फोड उठले.

शेजारच्या कातरीनच्या मुलाला तिनेच पाणी घातलं होतं. त्या कातरीनला लुझियाने दारातून हाक मारली, "बाय, ये गं. नुसतं पाणी घाल. मला चालत नाही, मी आई ना!"

"माझी पोरं लहान आहेत गं," कातरीन कुडाआडून म्हणाली. "खपल्या पडू दे, येते."

लुझियाने तांब्या भरून ठेवला. बाळाचा श्वास लागला तरी तिची नजर दाराकडेच. आता येईल, आता कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. बाळ गेलं, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून त्याला भिंतीच्या आत जागाही मिळाली नाही; तो दगड त्याचाच.

साथ सरल्यावर पाद्री परतला. ऐकून म्हणाला, "अगं, कुणीच नसेल तर आईने घातलं तरी चालतं."

हे त्याने आधी सांगितलंच नव्हतं. तिला कुणी मिळणार नाही, असं त्याला वाटलंच नसेल. लुझिया त्यानंतर बोलली नाही म्हणे.

आजही धारोळीत बाप्तिस्मा होईपर्यंत बाळंतिणीचं दार लावत नाहीत. शेजारीण न बोलावता पाणी घेऊन येते. तरी आईचा जीव थाऱ्यावर नसतो.

पाहुणे सुचवतात, "मग दगडावर आता तरी नाव कोरा की."

"काय कोरायचं?" इनासबाबा म्हणतात. "पाणी घालायला येईल तिच्या कानात सांगायचं म्हणून लुझियाने बाळाचं नाव मनातच ठेवलं होतं."