कासाराच्या घरची बाळखुर्ची

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. नदीच्या वळणावर एक नगर होतं. तिथं एक कासार राहत होता. त्याच्या घरी शिसवी लाकडाची बाळखुर्ची होती. घरातलं प्रत्येक मूल श्रावणातल्या शुक्रवारी तीत बसे, आई त्याला ओवाळी, पुरणाचा घास भरवी. असा त्या घरचा वसा होता. पुढं बरीच वर्षं घरात पाळणा हलला नाही. वसा राहून गेला, खुर्ची माळ्यावर गेली, तिला वाळवी लागली.

मग सून सगुणा, तिला मुलगी झाली. नाव ठेवलं बनी. बनी दोन वर्षांची झाली, तरी बसेना. टेकवली की कलंडे. सासू म्हणाली, "वसा टाकला, त्याचं फळ का हे? कुणास ठाऊक! खुर्ची काढ, नीट कर, पोरीला जिवतीपुढं बसव. पण जशी होती तशीच कर हो. वाडवडिलांची वस्तू, रूप बदलायचं नाही."

सगुणानं खुर्ची काढली. सुतार बोलावला, त्यानं वाळवीनं खाल्लेला पाय बदलला. पहिला शुक्रवार आला. बनीला बसवलं, बनी डावीकडं घसरली. मग तडकलेली पाठ सांधली. दुसरा शुक्रवार आला. बनी उजवीकडं घसरली. मग भुसभुशीत बैठक काढली, नवी घातली. तिसरा शुक्रवार आला. बनी पुढं कोसळली, ओठ फुटला, निरांजन विझलं.

सगुणाला काही सुचेना. खुर्ची तर नीट झाली, मग चुकलं कुठं? माझा भाव उणा पडला, की सासूबाईंचं ऐकलं तेच चुकलं? बनीला मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिली. तोच एक म्हातारी दारी आली, पाणी मागितलं. पाणी प्याली, मग म्हणाली, "ही खुर्ची कुणाची ग?"

"मामंजींच्या आजोबांची."

"आता बसायचं कुणी?"

"माझ्या बनीनं."

"मग माप कुणाचं घेतलंस?"

सगुणा गोंधळली. "पण आजी, रूप बदललं तर वसा मोडेल ना?"

"ते मला ग काय विचारतेस? पोर तुझ्या मांडीवर कशी बसलीय, ते बघ." असं म्हणून म्हातारी निघून गेली.

सगुणानं खाली पाहिलं. बनी मागं रेलली होती, दोन्हीकडून आईचे हात होते, आणि ती पडत नव्हती. सगुणा सासूकडं गेली, सगळं सांगितलं. सासूनं खुर्चीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "करवत लावू नकोस, एवढंच माझ्या सासूनं मला सांगितलं. का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मलाच काही कळेनासं झालंय. बोलाव त्या सुताराला. पोरीला मी धरते, तू माप घे."

मग खुर्चीची पाठ कलती केली. दोन्ही बाजूंना कापसाच्या उशा शिवल्या. पुढं आडवी पट्टी आली, पायांखाली फळी आली. शेवटचा शुक्रवार आला. जिवतीला हळदकुंकू वाहिलं, बनीला बसवलं. सासूनं दोन्ही हात पुढं धरले. सगुणानं ओवाळलं. बनी ज्योतीकडं बघत राहिली, कलंडली नाही. पुरणाचा घास खाल्ला, आणखी मागितला. तरी सासूचे हात तसेच.

सगुणा म्हणाली, "सासूबाई, सोडा आता. बसलीय ती."

पाणी मागायला आलेली म्हातारी कोण होती, ते त्या घरी कुणाला उमगलं नाही. जिवतीबाई, जशी बनी बसली, तशी ऐकणाऱ्यांची, सांगणाऱ्यांची लेकरं सुखानं बसोत. पुष्कळ बोलांची कहाणी थोड्या बोलांत सांगितली, फळास आली, पुरी झाली.