हत्तिणीची पाठ आणि दरबारातला अंधार

रूपकळी हत्तिणीची पाठ खाजली की सोनवळ संस्थानच्या दरबारात अंधार व्हायचा.

कारण रणधीरराव महाराजांनी विजेलाही मानपान लावला होता. राजवाड्यात वीज करणारं नवंकोरं इंजिन आलं तेव्हा त्यांनी नरहरी मिस्त्रीला बजावलं, "वीज आधी माझ्या दिव्यात येईल. मग राणीसरकारांच्या, मग दिवाणजींच्या, असं उतरत उतरत शेवटी हत्तीखान्यात. माझ्याआधी कुणाच्या दिव्यात ती शिरलेली मला चालणार नाही."

मिस्त्री "पण सरकार" एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. त्याने एकवीस दिवे एकाच तारेत माळेसारखे ओवले. इंजिनातून निघालेली तार सगळ्या दिव्यांतून फिरून पुन्हा इंजिनाला आली.

दिवे लागले, पण काजव्यांएवढे. दिवाणजी कागद नाकाला लावून वाचू लागले. त्यात रूपकळी हत्तीखान्यातल्या खांबाला पाठ घासायची. खांबावरचा दिवा सैल व्हायचा, तिथे माळ तुटायची आणि एकवीसच्या एकवीस दिवे विझायचे.

हत्तिणीला खाज सुटू नये, असा महाराजांनी हुकूम काढला. दवंडी पिटली. रूपकळीने दवंडीवाल्याच्या ढोलालाच पाठ लावली. मग त्या दिव्याभोवती चार भालदार ठेवले. रोज संध्याकाळी दिव्याला मुजरा होऊ लागला. चौथ्या दिवशी पाहुणे राजे पंगतीत बसले असताना पुन्हा अंधार झाला, आणि महाराजांनी श्रीखंडाची वाटी समजून पाहुण्यांच्या पगडीत पुरी बुडवली.

"उद्या सूर्यास्ताला ही हत्तीण संस्थानाबाहेर," महाराज अंधारातच म्हणाले.

हे हत्तीखाना सांभाळणाऱ्या गोजराच्या कानावर गेलं. रूपकळी एवढीशी होती तेव्हापासून तिने तिला हाताने भात भरवला होता. वायर टाकताना आठ दिवस मिस्त्रीची शिडीही तिनेच धरली होती, आणि शिडी धरून तोंड मिटून बसणारी ती नव्हती. ही तार कुठून येते, कुठे जाते, हे विचारून विचारून तिने मिस्त्रीचं डोकं खाल्लं होतं.

सकाळी ती महाराजांपुढे उभी राहिली.

"हत्तिणीची खाज थांबवलीस का?"

"खाज कशी थांबेल, सरकार? दिवे विझायचे थांबतील."

"आणि माझा मान?"

"आपल्याआधी कुणालाच वीज मिळणार नाही. फक्त दरबार अंगणात बोलवा आणि मला विहिरीचा लांब दोर द्या."

गोजराने दोराची दोन टोकं एकमेकांना बांधून मोठं कडं केलं. मिस्त्रीला म्हणाली, "तू इंजिन. दोर ओढत राहा." त्याच्याशेजारी महाराज, मग राणीसरकार, मग दिवाणजी, अशी सगळी मंडळी मानाप्रमाणे गोल उभी राहिली. शेवटी रूपकळी, आणि तिच्यापुढे पुन्हा मिस्त्री. प्रत्येकाच्या मुठीतून दोर सरकू लागला.

"सरकार, दोर आधी कुणाच्या हातात हलला?"

"माझ्या."

"माझ्याही तेव्हाच हलला," दिवाणजी म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

तेवढ्यात रूपकळीने दोर सोंडेत घट्ट धरला. सगळ्यांच्या हातातला दोर जागच्या जागी थांबला. मिस्त्री लाल होईपर्यंत ओढत होता.

"बघा सरकार, आपला दिवा हिच्या सोंडेत आहे."

गोजराने हत्तिणीला थोपटलं, दोर पुन्हा फिरू लागला. थोड्या वेळाने महाराजांनी तळहात नाकाशी नेले. "हे ओलं काय लागलंय?"

"हत्तिणीची लाळ, सरकार. गोलात तिच्यानंतर मिस्त्री, आणि मिस्त्रीनंतर आपलाच नंबर लागतो."

महाराजांनी दोर टाकला. "मग करायचं काय?"

"प्रत्येकाचं कडं वेगळं. इंजिनापासून दोन मोठ्या तारा न्यायच्या आणि प्रत्येक दिवा त्या दोन तारांच्या मध्ये जोडायचा. एक विझला तर त्याचंच कडं तुटेल. आणि विजेचा जोर एकवीस दिव्यांत वाटला जाणार नाही, म्हणून ते लख्ख लागतील."

"म्हणजे सगळ्यांना एकदम वीज? आणि मग माझा पहिला नंबर?"

"एकदम मिळाली म्हणजे आपल्याआधी कुणालाच नाही मिळाली. शिवाय आपल्या कड्यात दिवा एकच. पहिलेही आपण आणि शेवटचेही आपणच."

महाराजांनी मिशीला पीळ भरला. "जोडा," ते म्हणाले.

गोजराने आधी इंजिन बंद करायला लावलं, मिस्त्रीचे हात कोरडे पुसायला लावले आणि मगच त्याला शिडीवर चढू दिलं. इंजिनाजवळच्या फ्यूजमध्ये मिस्त्री केसासारखी तार घालू लागला, तेव्हा महाराज चिडले आणि गळ्यातली साखळी काढत म्हणाले, "माझ्या राजवाड्यात ही काडी? सोन्याची साखळी घाला!"

"सरकार, वीज जास्त झाली की या तारेने जळून वाट तोडायची असते. साखळी जळणार नाही. मग तारा तापतील आणि राजवाडा जळेल."

महाराजांनी साखळी गळ्यात परत घातली.

सूर्यास्ताला इंजिन सुरू झालं. एकवीस दिवे असे लखलखले की दिवाणजींना पहिल्यांदाच कळलं, आपण इतके दिवस कागद उलटा धरत होतो. हत्तिणीला न्यायला आलेले शिपाई दोर घेऊन दारात थांबले होते. रूपकळी त्यांच्याकडे बघत खांबाशी गेली आणि मनसोक्त पाठ घासली.

हत्तीखाना अंधारात गेला. दरबार उजळलेलाच राहिला.

महाराज इतके हसले की पगडी डोळ्यांवर आली. "माग गोजरा, काय हवं ते."

"एक खरबरीत खांब, सरकार. तारांपासून चांगला लांब. हिला बिनघोर खाजवता यावं."

महाराजांनी हत्तीण गोजराच्या स्वाधीन केली, वर एक गाव इनाम दिलं आणि सागाचा खांब रोवायला सांगितलं. खांब उभा राहिला, तसे महाराज राजवाड्यातून खाली उतरले आणि इकडेतिकडे बघून आपलीच पाठ खाजवायला त्याला टेकून उभे राहिले.

"सरकार," गोजरा म्हणाली, "इथे पहिला मान रूपकळीचा!"

महाराज पुन्हा खो खो हसत बाजूला झाले.