पोट भरलेला ससाणा

फार फार वर्षांपूर्वी डोंगरांपलीकडच्या एका राज्यात अशी रीत होती, की जमीनजुमला सगळा थोरल्या मुलाला मिळायचा आणि धाकट्यांच्या वाट्याला यायचा तो बापाचा नुसता आशीर्वाद. आशीर्वादाने पोट भरत नाही, हे तिथल्या धाकट्यांना लवकर कळायचं. मग कुणी काकाचे, कुणी मामाचे उंबरठे झिजवायचे.

अशाच एका मधल्या मुलाचा मामा दरबारात मानकरी होता. त्याने राजाकडे शब्द टाकला, "भाचा आहे माझा. पाखरांतच वाढलाय. चुकला तर मला विचारा." झालं, महाराजांचा लाडका शिकारी ससाणा भाच्याच्या हवाली झाला.

पाखरांत वाढला होता हे खरं. पण ती पाखरं म्हणजे आईच्या कोंबड्या.

पहिल्याच दिवशी ससाण्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला. चोचीची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की पक्षी उडून जाईल, मामाचा शब्द जाईल, आणि घरी वाट बघत बसलेल्या धाकट्या भावाचंही नशीब जाईल. म्हणून तो ससाण्याच्या डोळ्यांवरची कातडी टोपी काढेना, पायातली दोरी सोडेना. पक्षी जरा फडफडला, की मांसाचा तुकडा पुढे करी. भरल्या पोटी ससाणा गप्प बसे आणि भाच्याला वाटे, चला, आजचा दिवस निभावला.

एकदा मामा आला. "काय रे, जमतंय ना? अडत असेल तर सांग."

खरं ते भाच्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मामाला काय वाटेल, या धास्तीने त्याने ते तसंच गिळलं.

"छान चाललंय, मामा," तो म्हणाला.

मामा निर्धास्त होऊन गेला. भाच्याची मात्र झोप उडाली.

शिकारीचा दिवस उजाडला. त्याने टोपी काढली, दोरी सोडली. समोरून तितर उडाले. ससाण्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो एका उंच झाडावर जाऊन बसला. भाच्याने शीळ घातली, मांस दाखवलं, हात जोडले.

"भूक असती तर आलो असतो," ससाणा वरून म्हणाला. "तूच मला कधी भूक लागू दिली नाहीस." आणि तो डोंगरांपलीकडे निघून गेला.

राजाने भाच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मामाकडे वळला. "मानकरी, शब्द तुमचा होता."

मामाने मान खाली घातली. त्याच संध्याकाळी मामाभाचे दरबारातून कायमचे बाहेर पडले.

वाटेत मामा एवढंच म्हणाला, "मीही कुणाच्या तरी शब्दावरच आलो होतो. तबेल्यात लागलो आणि घोड्यांना भ्यायचो. पण बोललो, म्हणून शिकवणारा मिळाला. तू एकदा बोलला असतास, बाळा."

घराच्या दारात धाकटा भाऊ धुतलेले कपडे घालून उभा होता. तो वाकून मामाच्या पाया पडला. "मामा, आता माझ्यासाठी शब्द टाकाल ना?"

मामाजवळ टाकायला शब्दच उरला नव्हता.

लहानथोरांनो, एवढं मनात धरा: दुसऱ्याच्या शब्दावर मिळालेल्या जागी जो आपली भीती लपवून बसतो, तो स्वतःबरोबर शब्द देणाऱ्यालाही बुडवतो.